‘दिवसभर लोळते, सुट्टी वाया चालली’

एमएचटी-सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांची राज्याची प्रवेश परीक्षा, संपली की ठाणे आणि नवी मुंबईतले पालक समुपदेशनाला येतात, आणि बहुतेकांच्या तोंडी हेच वाक्य असतं. खालचं उदाहरण कोणा एका कुटुंबाचं नाही. सारखीच तक्रार घेऊन आलेल्या अनेक घरांतून ते जुळवलं आहे.

मुलगी ऐरोलीची. वडील टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात, आई घरी शिवणकाम करते. मुलगी पहाटे तीनला झोपते, दुपारी बाराला उठते आणि मोबाइल हातात घेते. वडिलांनी पायथन, स्पोकन इंग्लिश आणि व्यक्तिमत्त्व विकास अशा तीन क्लासची फी विचारून ठेवली होती. ‘‘मॅडम, यातला कुठला लावू तेवढं सांगा. कॉलेज सुरू होईपर्यंत ही अशीच राहायची का?’’

आधी एक गोष्ट तपासावी लागते : हा थकवा आहे की आणखी काही. जेवण कमी झालंय का, मैत्रिणींचे फोन टाळते का, आवडीच्या गोष्टींतलंही मन उडालंय का, ‘काही अर्थ नाही’ असं बोलते का? दोन आठवड्यांहून अधिक काळ असं चालू असेल, तर सुट्टीचं वेळापत्रक बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी चोवीस तास चालू असतो. या मुलीत तसं काही नव्हतं. ती फक्त दमली होती.

दोन वर्षं तिचा प्रत्येक तास कॉलेज, क्लास आणि टेस्ट सिरीजनं ठरवला होता. आपला दिवस आपण आखायचा हे तिला कधी करावंच लागलं नाही, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी नेमकी तीच गरज पडते. तिथे प्रयोगवही, असाइनमेंट आणि अभ्यास यांच्या मागे रोज लागणारं कोणी नसतं. तीन क्लास लावले तर दिवस पुन्हा दुसऱ्यानंच भरलेला. म्हणून वडिलांना सांगितलं, एकही लावू नका. त्यांना ते पटलं नाही. मग पुढचं सगळं बारकाईनं ठरवलं.

झोपेपासून सुरुवात. ‘आज लवकर झोप’ हा उपाय फसतो, कारण झोप आलेली नसते आणि अंथरुणात मोबाइल उघडला जातो. बदलायची ती उठण्याची वेळ. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास अलीकडे, उठल्यावर लगेच गच्चीत किंवा खिडकीपाशी उजेडात बसायचं, दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांपुढे नाही, आणि रात्री मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. बारावरून साडेसातवर यायला या गतीनं साधारण तीन ते चार आठवडे लागतात. रविवारी पुन्हा बारापर्यंत झोपलं की घड्याळ मागे सरकतं, हेही आधीच सांगितलेलं बरं.

दुसरं काम प्रवेशाच्या फाइलचं. वडील त्यासाठी रजा टाकणार होते. ते काम मुलीकडे दिलं. ऐरोली नवी मुंबईत असली तरी तालुका ठाणेच, त्यामुळे दाखल्यांचे अर्ज तिकडेच जातात. इतर मागासवर्गातल्या मुलांचं सगळ्यात जास्त अडतं ते नॉन-क्रिमीलेअरवर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्यावर. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेशाला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंतचं लागतं. म्हणजे घरात असलेला जुना दाखला बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो. नव्या दाखल्यासाठी आधी तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला हवा, म्हणून क्रम चुकला की आठवडे जातात. दाखल्यासाठी अर्ज केल्याच्या नुसत्या पावतीवर प्रवेश अर्ज भरता येतो, पण मूळ प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात मोजला जातो. जात पडताळणीची पावती, अधिवास आणि शाळा सोडल्याचा दाखलाही त्याच फाइलमध्ये.

मुलींसाठी उत्पन्नाच्या कागदाला आणखी मोल आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतलं कौटुंबिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतल्या मुलींना, कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेतल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं तर ही सवलत नाही.

बँकेतही एक सापळा असतो. खात्याला आधार दिलेलं असणं आणि शिष्यवृत्ती जमा होण्यासाठी ते खातं आधारशी जोडलेलं असणं, या वेगळ्या गोष्टी. माय-आधारच्या संकेतस्थळावर कोणतं खातं जोडलंय ते दिसतं. अठरा पूर्ण झाल्यावर लहानपणीचं खातं नव्या सहीनं आणि केवायसीनं सज्ञान करून घ्यावं लागतं, तेही तिनंच केलं.

तिसरं, एक खरं काम, ज्याचा निकाल कोणीतरी वापरणार आहे. तिची आत्या कोपरखैरण्याला डबे पुरवते आणि हिशेब वहीत ठेवते. मुलीनं तो संगणकावरच्या शीटमध्ये आणायचा ठरवला : तारीख, गिऱ्हाईक, डबे, जमा रक्कम. चारच रकाने, रोज एक तास. पहिल्याच आठवड्यात बेरीज जुळेना. रकान्यात ‘२ डबे’ असं लिहिलं होतं, त्यामुळे शीट त्याला आकडा मानत नव्हती. एकाच गिऱ्हाइकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, म्हणून थकबाकी तीन ठिकाणी विखुरलेली. तारखा काही ठिकाणी नुसत्या मजकुरात. या चुका दुरुस्त करताना ती जे शिकली, ते पायथन शिकताना तिला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडेल. आणि आत्याला कोणाकडून किती येणं आहे ते कळलं, यानं मुलीचा चेहरा जितका खुलला तितका कोणत्याही प्रमाणपत्रानं खुलला नसता.

गणित आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास, फक्त अकरावी-बारावीचं : डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स. पुढच्या वर्षाचं पुस्तक नाही.

जुलैत प्रश्न बदलला. प्रवेश अर्जातला कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम कोणी भरायचा? वडिलांना जवळचं कॉलेज वर हवं होतं, मुलीला शाखा. २०२५ च्या अभियांत्रिकी प्रवेशात पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागत होती, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी. त्यामुळे ‘बघू, नंतर बदलू’ म्हणून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडू शकतं. मुलीनं वर ठेवलेल्या दोन कॉलेजांना सकाळी साडेसातच्या गर्दीत जाऊन पाहिलं. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरनं ठाणे, तिथून मेन लाइन. एक कॉलेज त्या प्रवासातच यादीत खाली गेलं. उरलेल्या क्रमावर तिघांनी एका संध्याकाळी बसून चर्चा केली, आणि अर्ज शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिनं स्वतः लॉक केला.