जमीन मालकाची, फळ वेचणारीचे

प्रश्न : ब्राझीलमध्ये खासगी जमिनीवरील बाबासू माडांची फळे वेचण्याचा हक्क ग्रामीण स्त्रियांनी कायद्याने मिळवला, असे वाचनात आले. जमीन दुसऱ्याची असताना हे शक्य कसे झाले? आपल्या वनहक्क कायद्यात अशी सोय आहे का?
– एक वाचिका, गडचिरोली

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, मात्र हा हक्क देशभर नाही. मारान्याव राज्यातील बाबासूची बने पूर्वी गावाला मोकळी होती. १९६९च्या राज्य जमीन कायद्यानंतर मोठाले भूखंड गुरे पाळणाऱ्या धनिकांकडे गेले, तारेची कुंपणे उभी राहिली आणि गळलेले फळ उचलणारी बाई चोर ठरू लागली. कुठे आत सोडलेच, तर निम्मा गर मालकाला द्यावा लागे. हे फळ फोडणे सोपे नव्हे. बाई जमिनीवर बसते, कुऱ्हाडीचा दांडा मांडीखाली दाबून पाते वर धरते, फळ धारेवर टेकवते आणि लाकडी दांडक्याने ठोकते. गराचे तेल निघते, करवंटीचा कोळसा होतो, सालीखालच्या थराचे पीठ होते.

१९९१ पासून चार राज्यांतील या स्त्रिया संघटित झाल्या आणि १९९७ मध्ये लागो दु जुंकु या नगरपालिकेने ‘मुक्त बाबासू’ कायदा केला. जमीन मालकाचीच राहिली. परंतु कुटुंबाच्या चरितार्थासाठी फळे वेचणाऱ्यांना तेथे जाण्याची मुभा मिळाली आणि माड तोडणे, घड कापणे, रोपांवर विष टाकणे यांना बंदी आली. माझ्या मते ही बंदीच अधिक मोलाची, कारण कुरणासाठी माड मारून टाकले तर वेचण्याच्या मुभेला काय अर्थ उरतो? मालमत्तेने समाजाप्रति कर्तव्य पाळावे, हे तत्त्व ब्राझीलच्या १९८८च्या राज्यघटनेतच आहे. पुढे इतर काही नगरपालिकांनीही असे कायदे केले. मात्र प्रत्येकाची सत्ता आपापल्या हद्दीपुरतीच, त्यामुळे वेस ओलांडली की फाटकाला पुन्हा कुलूप भेटू शकते.

आपला २००६चा कायदा वनजमिनीपुरता आहे. मोहफुले, तेंदूपाने, बांबू अशा गौण वनोपजावर तो मालकी देतो, जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतो आणि आपल्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून तो वापरूनही दाखवला. शेजाऱ्याच्या खासगी शेतातला मोह मात्र त्यात येत नाही. तेथे वेचायचे तर त्याच्या संमतीवरच भागवावे लागते.