सत्र सुरू असताना मुलांना गणपतीला गावी नेता येईल का?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये स्लाव येथे राहतो. थोरली मुलगी नऊ वर्षांची असून सरकारी प्राथमिक शाळेत जाते; धाकटा मुलगा या सप्टेंबरमध्ये रिसेप्शनच्या (शाळेतील अगदी पहिल्या, चार-पाच वर्षांच्या मुलांच्या) वर्गात जाईल आणि फेब्रुवारीत पाच वर्षांचा होईल. यंदा गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ रोजी आहे. कुडाळजवळच्या आमच्या घरी गणपती असतो आणि नातवंडांनी यावे, अशी सासूबाईंची फार इच्छा आहे. दोन आठवडे जावे असा विचार आहे. एक परिचित म्हणतात, मुलगी आजारी असल्याचे शाळेला कळवा. दुसरे म्हणतात, दंड भरून मोकळे व्हा. काय करावे?
— एक वाचक, स्लाव

उत्तर : पूर्वी इंग्लंडमधील मुख्याध्यापकांना विशेष प्रसंगी वर्षातून दहा दिवसांपर्यंत कौटुंबिक सुट्टी मंजूर करता येत असे. सप्टेंबर २०१३ पासून ती तरतूद गेली असून आता केवळ अपवादात्मक परिस्थितीतच रजा देता येते, आणि परिस्थिती तशी आहे की नाही हे मुख्याध्यापकच ठरवतात. घरचा गणपती ही आपल्यासाठी मौजेची सहल नव्हे, हे मला मनापासून मान्य आहे. ज्यांचे आजी-आजोबा समुद्रापलीकडे आहेत त्यांना हा नियम जास्त जाचतो, हेही खरे. तरीही दोन आठवड्यांची रजा मिळेल या भरवशावर तिकिटे काढू नयेत.

मुलीची एरवीची हजेरी उत्तम आहे, हा युक्तिवादही चालणार नाही. आइल ऑफ वाइटमधील एका वडिलांनी मुलीला सत्राच्या मध्यात फ्लोरिडाला नेले होते. त्यानंतरही तिची हजेरी नव्वद टक्क्यांहून अधिक होती, पण एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांनुसार असलेली हजेरी.

आता दंडाचे पाहू. ऑगस्ट २०२४ पासून देशभर एकच चौकट लागू आहे : दहा शालेय आठवड्यांच्या काळात दहा अर्धे दिवस, म्हणजे एकूण पाच दिवस, विनापरवानगी गैरहजेरी झाली की शाळेला दंडाचा विचार करावाच लागतो. दंड प्रत्येक मुलामागे आणि प्रत्येक पालकाला वेगळा असतो, २१ दिवसांत भरल्यास ८० पौंड, त्यानंतर २८ दिवसांपर्यंत १६० पौंड. म्हणजे थोरलीसाठी तुम्हा दोघांचे मिळून किमान १६० पौंड होतील. धाकट्याचे सक्तीचे शालेय वय पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून, म्हणजे एप्रिलपासून सुरू होईल, त्यामुळे सप्टेंबरमध्ये त्याच्यासाठी दंड नाही; शाळेला कळवणे मात्र आवश्यकच आहे.

एवढी रक्कम परवडते, असे तुमचे दुसरे परिचित म्हणतील. परंतु तीन वर्षांत त्याच मुलासाठी पुन्हा दंड झाल्यास तो थेट १६० पौंड असतो आणि तिसऱ्या वेळी दंडाची नोटीस न देता प्रकरण बहुधा न्यायालयात जाते, जिथे २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटिशीविरुद्ध अपील करण्याची सोय नाही; दंड न भरल्यास मूळ गैरहजेरीबद्दलच खटला उभा राहू शकतो.

आजाराचा बहाणा मात्र कृपया करू नका. शंका आल्यास शाळा वैद्यकीय पुरावा मागू शकते. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की परतल्यावर बाईंनी सहज चौकशी केली तर नऊ वर्षांच्या मुलीला तुमचे खोटे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागेल. गणपतीला जाऊन आल्याचा आनंद वर्गात सांगण्याचाही तिला धीर होणार नाही.

तुम्हाला खरा आधार आहे तो वेगळ्या तरतुदीचा. पालकांच्या धर्मसंस्थेने धार्मिक आचरणासाठी राखून ठेवलेल्या दिवशीची गैरहजेरी कायद्याने दोष मानलेली नाही. चतुर्थीच्या त्या एका दिवसासाठी आधीच लेखी अर्ज करा, घरी पूजा असल्याचे नमूद करा. प्रवासाचे दिवस मात्र त्यात बसत नाहीत. त्या सोमवारी स्लावमध्येच मूर्ती बसवून आजीला व्हिडिओ कॉलवर आरतीत सामील करून घेता येईल, आणि गावी जाणे नाताळच्या सुट्टीत ठेवता येईल. मुलांनी कुडाळचाच गणपती पाहावा असे वाटत असेल, तर २०२८ मध्ये चतुर्थी २३ ऑगस्टला, म्हणजे उन्हाळी सुट्टीत येते. त्या वर्षी कोणाचीही परवानगी न मागता उत्सवाला राहता येईल.