रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची?

प्रश्न : आईचं वय ७२. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून तिला असेनोकुमारॉल २ मि.ग्रॅ. सुरू आहे. गेल्या पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला आणि प्लेटलेट एका दिवसात ९२ हजारांवरून ४६ हजारांवर आल्या. फॅमिली डॉक्टरांनी गोळी बंद केली. मोठी बहीण म्हणत होती, लकवा मारेल. पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबर. प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या आणि अजून घसरत असल्या, तर ही गोळी सहसा थांबवतात. रक्त गोठायला प्लेटलेट लागतात, तसे यकृतात तयार होणारे घटकही लागतात. डेंग्यूने प्लेटलेट पाडल्या आणि गोळीने ते घटक दाबून ठेवले, की हिरड्यांतून, पोटात, क्वचित मेंदूतही रक्तस्राव होतो. बहिणीची भीती अगदी रास्त आहे. पण नुसते ठोके अनियमित असतील, तर आठवडाभर गोळी नसल्याने लकव्याचा धोका थोडाच वाढतो, आणि त्या दिवसांत रक्तस्रावाचा धोका त्याहून बराच मोठा असतो. आईंच्या हृदयात धातूची झडप बसवलेली असती, तर घरी गोळी बंद करून बसणं चाललं नसतं. अशा रुग्णाला भरती करून, गरजेप्रमाणे हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनवर ठेवतात. त्याचा असर काही तासांत उतरवता येतो.

गोळी थांबवली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. असेनोकुमारॉलचा असर साधारण दोन दिवस राहतो, वॉरफरिन या तशाच गोळीचा चार-पाच दिवस. शिवाय तापात जेवण तुटतं, पालेभाजी पोटात जात नाही, व्हिटॅमिन के कमी पडतं आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) आपोआप चढतो. म्हणून प्लेटलेटसोबत त्याच दिवशी पीटी-आयएनआरही करा. ठोक्यांच्या आजारात तो २ ते ३ हवा. ५ च्या वर गेला तर लगेच डॉक्टरांना कळवा.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. तीही रोज २ ग्रॅमपेक्षा जास्त, सलग काही दिवस घेतली तर आयएनआर वाढतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको. आणि दवाखान्यात गेल्या गेल्या सांगा की कमरेत सुई देऊ नका. या गोळीवर असलेल्या माणसाच्या स्नायूत सुई टोचली की आत रक्त साकळतं. कधी कूल्ह्यापासून मांडीपर्यंत काळंनिळं पडून पाय हलवता येत नाही. हे सांगायला घरचे लोक संकोचतात, तो संकोच सोडा.

प्लेटलेट ५० हजारांवर येऊन चढत्या राहिल्या आणि कुठे रक्तस्राव नसला, की डॉक्टर गोळी पुन्हा सुरू करतात. सुटलेले डोस भरून काढायला दोन गोळ्या एकदम देऊ नका. चार-पाच दिवसांनी पुन्हा आयएनआर करा.

डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, अचानक उठलेली जबर डोकेदुखी, किंवा घसरून डोक्याला लागलेला मार, यांपैकी काहीही झालं तर मेडिकल, मेयो किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याची कॅज्युअल्टी गाठा. डोक्याला लागल्यावर माणूस चांगला बोलत असला तरी सीटी स्कॅन लागतो.

प्रश्न : सासऱ्यांना धातूची मायट्रल झडप बसवली आहे. दर महिन्याला रक्त तपासायचा त्यांना कंटाळा येतो. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही म्हणे. बदलून घ्यायच्या का?
— एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : नाही. नव्या गोळ्यांपैकी दाबिगाट्रान धातूच्या झडपेवर देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले: गुठळ्याही जास्त, रक्तस्रावही जास्त. रिव्हारॉक्सॅबान, अपिक्साबान या नव्या गोळ्याही या झडपेला चालत नाहीत. सांधेतापाने मायट्रल झडप बरीच अरुंद झालेल्यांनाही वॉरफरिनच बरी. सासऱ्यांचा आयएनआर सहसा २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. महिन्याची तपासणी चुकवू नका. मेट्रोनिडाझोल किंवा फ्लुकोनाझोल सुरू झालं तर आयएनआर चढतो, टीबीच्या रिफाम्पिसिनने उतरतो; असं कुठलंही औषध सुरू किंवा बंद झाल्यावर तीन ते पाच दिवसांत जास्तीची एक तपासणी करा.