पाचोरा–जळगाव अपडाऊन करणाऱ्या आईने कोणता ब्रेस्ट पंप घ्यावा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बाळ सहा महिन्यांचं होतंय, रजा संपली, एप्रिलपासून पाचोऱ्याहून जळगावला अपडाऊन सुरू. सकाळी आठला घर सोडायचं, परत यायला सात. बाळ सासूबाईंकडे. मिस्टरांना ऑनलाईन तो कपड्यांच्या आत बसणारा पंप आवडलाय, नणंद तिचा जुना द्यायला तयार आहे, आणि मेडिकलवाला म्हणतो, कशाला एवढा खर्च, हा घ्या शंभर-दीडशेचा. बजेट साडेतीन-चार हजार.

मेडिकलवाल्याचं आधी निकालात काढू. काचेचा किंवा प्लास्टिकचा भोंगा आणि मागे रबरी फुगा, तोच ना? तो नका घेऊ. दूध फुग्यात शिरतं आणि फुगा आतून धुता येत नाही. ओढ किती बसतेय यावरही ताबा नसतो. बाळासाठी दूध साठवायचं असेल तर ती वस्तू घरात आणूच नका.

नणंदेचा पंप. तिला वाईट वाटणार नाही अशा बेताने नाही म्हणा. घरगुती इलेक्ट्रिक पंप बहुतेक एकाच बाईने वापरायचे म्हणून बनवलेले असतात. जुन्या पंपांत बरेच ओपन सिस्टिमचे, म्हणजे दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा नसलेले. दुधाची वाफ, कधी कधी दूधच, नळीतून मोटरपर्यंत जातं, तिथे बुरशी धरली तर बाहेरून दिसतही नाही. वरचे भाग नवीन घेतले तरी मोटर तीच. शिवाय वर्षभर चाललेल्या मोटरची ओढ कमी झालेली असते, आणि मग आपल्याला वाटतं की आपलंच दूध आटलं. दवाखान्यात भाड्याने मिळतात ते मोठे पंप वेगळे. ते अनेकींनी वापरायचे म्हणूनच बनवतात आणि प्रत्येकीचं किट स्वतंत्र असतं. बाळ काचेत असेल, कमी दिवसांचं असेल, आई रात्रीसकट दिवसातून आठ-दहा वेळा दूध काढत असेल, तर तोच पंप हवा. तुमची गरज ती नाही.

आता तुमचा दिवस बघू, कारण पंप त्यावरूनच ठरतो. नुसतं "बेस्ट पंप कोणता" विचारलं की दहा जणी दहा नावं सांगतात, आणि त्यातल्या नऊ घरी बसून दिवसातून एकदा दूध काढणाऱ्या असतात.

तुम्ही अकरा तास बाहेर. निघताना पाजून निघालात आणि आल्या आल्या पाजलंत, तरी मध्ये साधारण तीन वेळा दूध काढावं लागेल. अकराच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीत आणि पाच वाजेच्या आसपास. त्यापेक्षा कमी वेळा काढलं तर छाती दाटते, गाठी होतात, आणि महिनाभरात शरीर समजतं की मागणी कमी झाली. एका वेळी एकच बाजू काढणारा पंप असेल तर दोन्हीकडचं मिळून अर्धा तास जातो. दोन्ही बाजू एकदम काढणारा असेल तर पंधरा-वीस मिनिटांत उठता. ऑफिसात रोज तीनदा अर्धा अर्धा तास गायब राहिलं की दुसऱ्याच आठवड्यात कुजबुज सुरू होते, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून तुमच्यासाठी डबल इलेक्ट्रिक.

दुसरं, बॅटरी आतच हवी. तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये बसणार म्हणता, तिथे प्लग कुठे असेल कोण जाणे, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे लाईटचा काय भरवसा! साध्या मोबाईल चार्जरने किंवा पॉवर बँकेने चार्ज होणारा बघा आणि एका चार्जमध्ये तीन वेळा तरी चालला पाहिजे. पेन्सिल सेलवर चालणारे टाळा, सेल उतरत आले की ओढही उतरते. स्पेक्ट्राचा विचार करत असाल तर एस-१ आणि एस-२ दिसायला सारखेच, पण बॅटरी निळ्या एस-१ मध्ये आहे, गुलाबी एस-२ ला प्लग लागतोच. तो तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल, पण कुणी जुळवून देत असेल तर हे माहीत असू द्या. तिसरं, क्लोज्ड सिस्टिम, म्हणजे दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदा असलेली. खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, किंवा बॅकफ्लो प्रोटेक्शन असं. या तीन गोष्टी असलेला पंप साडेतीन-चार हजारांत मिळतो, सेलमध्ये थोडा कमी.

मिस्टरांनी बघितलेला आत घालायचा पंप वाईट नाही. पण तो एकुलता एक पंप म्हणून नको. स्वस्तातल्या मॉडेलची ओढ कमी पडते, आतलं दिसत नसल्याने निपल मधोमध बसलंय की नाही कळत नाही, आणि खाली वाकलं की दूध सांडतं. सुटे भागही जास्त. गाडीत वापरता येईल असं त्यांच्या डोक्यात असेल. माय वं, आपल्या मेमूच्या लेडीज डब्यात? शिरसोलीला गाडी बाजूला टाकून एक्सप्रेस काढतात तेव्हा त्या गर्दीत नीट उभं राहायला जागा नसते. त्याऐवजी पर्समध्ये एक साधा हाताने दाबायचा पंप ठेवा, सातशे-हजाराचा. ना बॅटरी ना आवाज. मोठा पंप दगा देईल त्या दिवशी तोच कामाला येतो.

आणि हाताने दूध काढायला शिकून घ्या, हे मी प्रत्येकीला सांगते. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या थोडं मागे ठेवायची, आत छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. आशाताई किंवा दवाखान्यातली सिस्टर पाच मिनिटांत दाखवते. पंप बंद केल्यावर दोन मिनिटं हाताने काढलं तर बरंचसं शिल्लक दूध येतं.

आता ज्याच्याकडे कुणी बघत नाही ते. पंपाचा जो भाग छातीला लावतो, तो फनेलसारखा कप, त्याला फ्लॅन्ज म्हणतात, त्याचं माप. दोन हजाराचा पंप आणि बरोबर मापाचा फ्लॅन्ज हे दहा हजाराच्या पंप आणि चुकीच्या मापापेक्षा जास्त दूध देतात. खोक्यात बहुतेक २४ मिमी येतो, कधी २७ किंवा २८. खूप जणींना त्याहून लहान लागतो. माप छातीच्या आकारावर नसतं, निपलच्या जाडीवर असतं. छाती मोठी म्हणून मोठा फ्लॅन्ज मागवणाऱ्या कितीतरी जणी बघितल्या.

मोजायचं असं. पाजण्याआधी किंवा पाजून बराच वेळ झाल्यावर, निपलच्या बुडाशी, आडवं, मिलिमीटरमध्ये. भोवतीचा काळा भाग धरायचा नाही. शाळेतली सहा इंची पट्टी चालते, शिवणाची टेप असेल तर आणखी चांगलं. जो आकडा येईल तो किंवा त्याहून दोन-चार मिमी जास्त, एवढाच फ्लॅन्ज. म्हणजे १७ आलं तर १९ किंवा २१. दोन्ही बाजूंची मापं वेगळी असू शकतात, घाबरू नका. नवा फ्लॅन्ज मिळत नसेल तर २४ च्या आत बसवायचे सिलिकॉनचे इन्सर्ट दोनेकशे रुपयांत मिळतात.

चालू केल्यावर खाली बघा. निपल नळीत सरळ पुढे-मागे होत असेल आणि कडेला घासत नसेल तर ठीक. घासत असेल, टोक पांढरं पडत असेल, दुखत असेल तर लहान होतोय. भोवतालचा काळा भागही मोठ्या प्रमाणात आत ओढला जात असेल, नंतर सूज दिसत असेल आणि दूध थेंब थेंब येत असेल तर मोठा होतोय.

ओढही नेटकी ठेवा. सुरुवातीला दोनेक मिनिटं हलक्या, भराभर ओढीचा मोड, बाळ सुरुवातीला चोखतं तसा. पान्हा फुटला, धार लागली की दुसऱ्या मोडवर जा. जिथे किंचित नकोसं वाटतं त्याच्या एक पायरी खाली थांबा. ओढ वाढवली म्हणून दूध वाढत नाही. दुखलं की उलट पान्हा आखडतो. रेकॉर्ड रूममध्ये फायलींकडे बघत पान्हा फुटत नाही, मोबाईलमध्ये बाळाचा व्हिडिओ लावा, पिशवीत त्याचं वापरलेलं टोपडं ठेवा. आधी गरम पाण्यात पिळलेल्या रुमालाने शेक द्या.

किती दूध लागेल? एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिली पितं, म्हणजे तासाला तीसेक. तुमच्या अकरा तासांना ३३०-३४० मिली. त्यात आता वरचं खाणं सुरू होणार, त्यामुळे हळूहळू कमीच. एका वेळी दोन्हीकडून मिळून ६० ते १२० मिली निघालं तर ते अगदी व्यवस्थित आहे. इन्स्टाग्रामवर भरलेल्या बाटल्यांच्या रांगा दाखवणाऱ्यांकडे बघू नका. आणि पंपातून कमी निघालं म्हणजे दूध कमी असंही नाही, बाळ पंपापेक्षा जास्त चांगलं काढतं.

आता खरा प्रश्न, आपला उन्हाळा. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते २५ अंशांपर्यंत. जळगाव एप्रिल-मेमध्ये ४२-४३ ला असतं, तेव्हा तो हिशोब विसरा. दूध काढलं की लगेच थंडीत. ऑफिसात फ्रिज असेल तर उत्तम, नाहीतर जाड इन्सुलेटेड पिशवी आणि पूर्ण गोठलेले जेल पॅक. बर्फाच्या पॅकला चिकटून ठेवलेलं दूध अशा पिशवीत २४ तासांपर्यंत चालतं, तुम्हाला तर आठ-नऊ तासच काढायचे आहेत. दोन पॅकऐवजी चार घ्या. पिशवी पुन्हा पुन्हा उघडू नका आणि गाडीत खिडकीशी उन्हात ठेवू नका. घरी आल्यावर पॅक अजून घट्ट गोठलेले आहेत का ते चाचपून बघा. पार पाणी झालं असेल, दूध कोमट लागत असेल तर ते दूध नको. फ्रिजमध्ये दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवा, चार दिवस टिकतं. नवं कोमट दूध आधी थंड करा आणि मगच कालच्यात मिसळा. बाटलीवर तारीख-वेळ लिहा.

सासूबाई शिळं दूध म्हणून नाक मुरडतील, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. दुसऱ्या दिवशी वर साय धरल्यासारखा थर येतो, खाली पातळ दिसतं. ते नासलेलं नाही, हळू गोल फिरवलं की एकजीव होतं. गरम करायचं ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायची. बाळाने प्यायला सुरुवात केल्यावर उरलेलं दोन तासांत संपवायचं नाहीतर टाकून द्यायचं. ते टाकताना त्यांचा जीव जाईल, म्हणून ६०-६० मिलीच्या छोट्या बाटल्यांत साठवा. पाजायला बाटलीच हवी असं नाही. वाटी-चमचा आहे, आणि सासूबाईंकडे जुनं बोंडलं (बाळाला दूध पाजायची चोचीची छोटी वाटी) असेलच. ते हातात दिलंत तर त्या तुमच्यापेक्षा सराईतपणे पाजतील.

धुणं. दूध लागणारे सगळे भाग दरवेळी साबणाने धुवा आणि घरी आल्यावर पाच मिनिटं उकळा. ऑफिसात तीनदा धुण्याची सोय नसेल तर भागांचा आणखी एक संच घ्या. नळी उकळायची नसते. आत दमट दिसली तर पंप नुसता दोन मिनिटं चालवा, वाळते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात उकळलं की व्हाल्व्हवर पांढरा थर बसतो, फिल्टरचं पाणी वापरा. बदकाच्या चोचीसारखा तो छोटा सिलिकॉनचा व्हाल्व्ह हाच पंपाचा जीव आहे. बोटाने धुताना ती चीर फाकते, मग ओढ निम्मी होते आणि बायका मोटर गेली म्हणून नवा पंप घेतात. ओढ कमी वाटली की आधी तो उजेडात धरा, चीर मिटलेली दिसली पाहिजे. म्हणूनच ज्याचे व्हाल्व्ह आणि पडदे सुटे मिळतात तोच पंप घ्यायचा. दोन जास्तीचे पहिल्याच दिवशी मागवून ठेवा.

ऑफिसचं एक सांगायचं राहिलं. सामाजिक सुरक्षा संहिता २०२०, कलम ६६ (नोव्हेंबर २०२५ पर्यंत हेच मातृत्व लाभ कायदा १९६१, कलम ११ होतं) : बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी ब्रेक मिळतो. दोन ब्रेक आणि जेवणाची सुट्टी, तुमच्या तिन्ही वेळा बसल्या. रुजू होताना साध्या अर्जात हे कलम लिहून द्या आणि कडी लागणारी जागा मागा.

रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा. सकाळी दूध जास्त असतं, पहिलं पाजून झाल्यावर तासाभराने एकदा काढायचं, एवढंच. त्यात हात बसतो आणि चार बाटल्या साठतात. मधेच छातीत लाल, गरम, दुखरा पट्टा आला आणि ताप चढला तर दूध काढणं बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

पंप घेताना ऑनलाईनवाल्याचं रिटर्न धोरण वाचा. सील फोडल्यावर पंप परत घेत नाहीत असं बऱ्याच ठिकाणी असतं, तेव्हा पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि कप छातीला लावण्याआधी मोटर चालू करून तळहातावर ओढ बघा. आणि ऑर्डर टाकण्याआधी दोन्ही बाजूंचं माप मिमीमध्ये इथे लिहा, फ्लॅन्ज २१ चा घ्यायचा की १९ चा ते सांगते.