व्हायवाची तारीख आली, आता काय वाचू?

या वेळी आलेली बहुतेक पत्रं पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेबद्दलची, म्हणजे व्हायवाबद्दलची आहेत. त्यातली पाच घेते.

प्रश्न : मॅडम, माझा प्रबंध नागपूर जिल्ह्यातल्या काटोल आणि नरखेड तालुक्यांतल्या संत्र्याच्या विक्रीव्यवस्थेवर आहे. तीन आठवड्यांनी व्हायवा आहे. तीनशे चाळीस पानं पुन्हा वाचू, की नवीन संदर्भ शोधू?

सगळी पानं वाचा. नवीन संदर्भांसाठी शेवटचे दोन दिवस पुरे आहेत. प्रबंध सादर करून काही महिने झाले की आपलंच लेखन आपल्याला परकं वाटू लागतं. परीक्षकांनी मात्र ते नुकतंच वाचलेलं असतं.

वाचताना हातात पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे तुम्ही काही निवडलंत, तिथे समासात ‘का?’ लिहा. हेच दोन तालुके का? सावनेर, कळमेश्वर का नाहीत? मुलाखती फक्त आंबिया बहाराच्या (संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एक, दुसरा मृग) बागायतदारांच्याच का? हा शेवटचा प्रश्न येणारच असं धरून चाला. आंबियाची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात तुटतात, मृगाची फेब्रुवारीपासून पुढे. दोन्ही वेळची आवक वेगळी, गिऱ्हाईक वेगळं, फळ टिकण्याचा काळ वेगळा. एका बहाराच्या आधारे ‘संत्र्याची विक्रीव्यवस्था अशी आहे’ असं तुम्ही लिहिलं असेल, तर परीक्षक तिथेच थांबवतील, आणि थांबवायलाच हवं.

त्यावर ‘वेळ नव्हता’ एवढंच सांगून भागत नाही. वेळ नव्हता म्हणून मृग सोडला, त्यामुळे माझा निष्कर्ष आंबियापुरताच आहे, आणि मृग घेतला असता तर अमुक ठिकाणी चित्र बदललं असतं, असं सांगा. आपल्या कामाची हद्द कुठे संपते हे ज्याला सांगता येतं, त्याच्या हद्दीच्या आतल्या निष्कर्षांवर परीक्षकांचा विश्वास बसतो. मी इतक्या वर्षांत ज्या तोंडी परीक्षांना हजर राहिले, त्यातल्या चांगल्या परीक्षा अशाच झाल्या.

मग तक्ते बघा. माझ्या स्वतःच्या व्हायवात परीक्षकांनी एका तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, ‘याची बेरीज शंभर टक्के का होत नाही?’ एकाच व्यक्तीला एकाहून अधिक उत्तरं देण्याची मुभा होती, एवढंच कारण होतं, आणि तक्त्याखाली मीच ते बारीक अक्षरात लिहिलं होतं. त्या क्षणी मात्र ते आठवलं नाही. ती अर्धी मिनिट मी गप्प उभी होते, ती अजून आठवते. तुमच्या प्रत्येक तक्त्याखाली पेन्सिलने एक ओळ लिहा : हे आकडे कुठून आले आणि काय सांगतात.

प्रश्न : नागपूरच्या एम्प्रेस या कापड मिलच्या कामगारांच्या आठवणींवर माझा प्रबंध आहे. बाह्य परीक्षकांच्या अहवालात एक चूक दाखवली आहे : मिल 1874 मध्ये सुरू झाली असं मी लिहिलं आहे. शिवाय मुलाखतींत स्त्रिया फार कमी, असाही शेरा आहे. प्रबंध नाकारतील का?

परीक्षकांनी शिफारस केल्याशिवाय तोंडी परीक्षा लागतच नाही. तेव्हा ती धास्ती सोडा आणि शेऱ्यांना उत्तरं लिहून काढा.

पहिला शेरा बरोबर आहे. कंपनी 1874 ची, मिल सुरू झाली 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी. मिलचं नावही त्यावरूनच. चूक मान्य करा, दुरुस्त वाक्य छापून न्या. त्यावर वाद घालू नका.

दुसऱ्या शेऱ्यावर मात्र तुमच्याकडे सांगण्यासारखं असणार. स्त्रिया सापडल्या नाहीत, की सापडल्या आणि घरच्या माणसांसमोर बोलल्या नाहीत? दोन्ही उत्तरं खरी असू शकतात, पण ती वेगवेगळी आहेत. दुसरं असेल तर तो संशोधनाचा भाग आहे. तो प्रबंधात नसेल, तर व्हायवात तरी यायला हवा.

प्रश्न : मी गडचिरोलीची. शिक्षण मराठीतून, प्रबंध इंग्रजीत. सामूहिक वनहक्कांवर (जंगलावरचे गावाचे एकत्रित हक्क) मराठीत मी तासभर बोलू शकते, इंग्रजीत दोन वाक्यांत अडते.

तुमचं ज्ञान कमी नाही, सराव कमी आहे. रोज वीस मिनिटं मोठ्याने बोला, मनातल्या मनात नाही. प्रबंधाचा मुख्य मुद्दा, पद्धत आणि तीन निष्कर्ष इंग्रजीत पाठ नव्हे, पण जिभेवर बसलेले असावेत. ग्रामसभा, निस्तार (रोजच्या गरजांसाठी गावाने केलेला जंगलाचा वापर), मोहफूल हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तेव्हा अर्थ सांगा. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, त्यानंतर तुमच्या गावांत काय झालं, हे तुमच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक नसेल. अडलात तर ‘हे मराठीत सांगू का?’ असं सरळ विचारा. गाईडना हे आधीच अध्यक्षांच्या कानावर घालायला सांगा. आणि मे महिन्यात व्हायवा असेल तर कूलर सुरू असताना सराव करा. हळू आवाजातलं चांगलं उत्तर त्या घरघरीत ऐकूच जात नाही.

प्रश्न : सिनियर म्हणतात, परीक्षकांच्या जेवणाची सोय आणि एखादी भेटवस्तू आपणच बघायची. खरंच असं असतं?

असा प्रघात काही ठिकाणी आहे, आणि तो चुकीचा आहे. परीक्षकांचा प्रवासखर्च आणि मानधन ही विद्यापीठाची जबाबदारी आहे. फेलोशिप बंद झालेली मुलं उसने पैसे आणून चांदीची वस्तू विकत घेताना मी पाहिली आहेत. त्यांची त्या दिवशीची तोंडं बघवत नाहीत. चहापाण्याचं विभाग बघेल. कुणी मागितलंच तर गाईडशी बोला, आणि गाईडच मागत असतील तर विभागप्रमुखांना लेखी कळवा. निकाल लागल्यावर पेढे वाटा. ते सगळ्यांना, शिपाईकाकांपासून.

प्रश्न : व्हायवा खुला असतो म्हणतात. आईला आणू का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार संशोधन सल्लागार समिती, विभागातले प्राध्यापक, इतर संशोधक आणि विद्यार्थी उपस्थित राहू शकतात. आईचा उल्लेख त्यात नाही, म्हणून विभागप्रमुखांना आदल्या आठवड्यात विचारा. परवानगी मिळाली तर त्यांना मागच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची द्या. परीक्षक निर्णयासाठी सगळ्यांना बाहेर पाठवतात तेव्हा बाहेरचा वेळ लांबतो, म्हणून पाण्याची बाटली त्यांच्याकडेच ठेवा.