एच-१बी वर येताना .२२ पिस्तुलाचा विचार करताय, तर

तुम्ही विचारलंय की एच-१बी वर अमेरिकेत येतोय, बायको एच-४ वर, दोघांनाही शस्त्राची सवय नाही. झटका कमी बसतो म्हणून स्वसंरक्षणासाठी .२२ चं (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीचं) छोटं पिस्तूल घेतलं तर चालेल का?

आधी कायदा, कारण बहुतेकांचा प्रश्न तिथेच निकालात निघतो. एच-१बी, एच-४, एफ-१ हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसे. त्यांवर असताना बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगणं हाही फेडरल गुन्हा आहे, मग कॅलिबर (गोळीचा व्यास) कितीही लहान असो. मित्राचं पिस्तूल नेमबाजीच्या रेंजवर चालवणं हाही ताबाच धरतात. अपवाद मोजके; नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. आपल्यातले बरेचजण तो काढतात. पण त्याची मुदत संपली की घरातलं पिस्तूल बेकायदा होतं, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. शिवाय परवाना तुमचा असेल तर तो बायकोला लागू होत नाही. तिचा वेगळा हवा, नाहीतर तिचा हात पोचेल अशा जागी शस्त्र नको. ग्रीन कार्डवाल्या मित्राच्या नावावर घ्यायचा विचार डोक्यातून काढाच. दुकानात ४४७३ नंबरच्या फॉर्मवर खरा खरेदीदार कोण ते लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहिलं तर दोघंही गोत्यात. राज्याचे नियम याउपर वेगळेच.

हे सगळं जमलं असं धरू. मग .२२ कसं?

लोक गोळीच्या आकारावर वाद घालतात, पण मला त्याहून मोठी अडचण वाटते ती काडतूस पेटण्याची. ९ एमएमसारख्या सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळा प्रायमर (आघाताने पेटणारी छोटी टोपी) असतो. .२२ हे रिमफायर, त्यात तो नाही. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेला असतो. कडेचा एखादा तुकडा कोरडा राहिला आणि पिन नेमकी तिथेच बसली, की नुसता 'टक्' आवाज. तेच काडतूस थोडं फिरवून परत मारलं की बरेचदा उडतं! रेंजवर यात गंमत वाटते. दारात कोणी उभं असताना पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून ते बाहेर काढायचं, हे नवख्याला सुचतही नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये निदान चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. म्हणून .२२ च घ्यायचं तर माझं मत रिव्हॉल्व्हरला. त्याचा चाप मात्र बराच जड असतो, कारण कडेवर जोरात आघात लागतो. ज्यांची बोटं अशक्त म्हणून .२२ सुचवतात, त्यांनाच तो जड जातो.

पिस्तूलच हवं असेल तर मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात. गोळ्यांत ४० ग्रेन वजनाची, हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची), भरीव टोकाची घ्या. दोन इंची नळीतून होलो पॉइंटला (पोकळ टोकाच्या, लागल्यावर फुलणाऱ्या गोळीला) पुरेसा वेग मिळत नाही. तो धड फुलतही नाही, आणि फुलला तर खोल जात नाही. सबसॉनिक (आवाजाहून कमी वेगाच्या) गोळ्यांनी कित्येक पिस्तुलांची स्लाइड पूर्ण मागे येत नाही. प्रत्येक पिस्तुलाला एखादा ब्रँड मानवतो, दुसरा नाही, तेव्हा जो ठेवणार त्याच्याच भरपूर गोळ्या आधी उडवून बघा.

ताकदीचं म्हणाल तर १९८१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांच्यावर .२२ रिव्हॉल्व्हरनेच गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीवर आपटून आलेली गोळी हृदयाजवळ जाऊन बसली, तरीही ते इस्पितळात स्वतःच्या पायांनी चालत गेले आणि मग कोसळले. म्हणजे जीव घेण्याइतकी ती नक्की घातक. समोरच्याला तिथल्या तिथे थांबवेल याची खात्री नाही. स्वसंरक्षणात लागतं ते हे थांबवणंच. मनगट, खांदा धड असेल तर मी ९ एमएमच सांगेन, आणि नव्या माणसाला पहिलं वर्ष कुलूप, दिवे आणि पेपर स्प्रे (त्याचेही नियम राज्यागणिक बघून).

आणखी एक, रेंजला नेलेली बॅग भारतात येताना वापरू नका. .२२ चं काडतूस इतकं बारीक की अस्तरात जाऊन बसतं, आणि आपल्याकडच्या विमानतळावर जिवंत काडतूस सापडलं तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.