बॉब मार्ली ऐकून झाला, आता रेगेमध्ये पुढे काय ऐकू?

मार्लीच्या निवडक गाण्यांचा अल्बम 'लेजंड' सगळेच ऐकतात आणि बरेचजण तिथेच थांबतात. पुढे 'द हार्डर दे कम' या १९७२ च्या जमैकन सिनेमाची गाणी घ्या, जिमी क्लिफ, टूट्स अँड द मेटल्स सगळे एकाच ठिकाणी भेटतात. मग बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी' (१९७५) हा अल्बम, हा तर चुकवूच नका. डब, म्हणजे गाण्यातला गायकाचा आवाज बराचसा काढून बेस-ड्रम आणि इको पुढे आणलेलं मिक्स, ऐकायचं असेल तर साउंड इंजिनिअर किंग टबी, पण मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात नको, हेडफोन लावा, कारण मध्येच आवाज गायब होतो, ड्रमचा एक फटका घुमत राहतो आणि खाली नुसता बेस चालू, खरी मजा त्यातच आहे!

आता माझी ट्रिक सांगतो, गायकाच्या मागे न लागता रिदिमच्या, म्हणजे गाण्यामागे वाजणाऱ्या बेस-ड्रमच्या संगीताच्या मागे लागा. जमैकात एकाच रिदिमवर डझनभर गायक आपापलं गाणं म्हणतात, 'रिअल रॉक रिदिम' किंवा १९८५ चा कॅसिओ कीबोर्डवाला 'स्लेंग टेंग' सर्च करा, रात्र कमी पडेल. नव्यांपैकी क्रॉनिक्स, प्रोटोजे, लिला इके आणि कॉफी, जिला 'रॅप्चर'साठी २०२० चा ग्रॅमी मिळाला, तेही विशीच्या आत. मला स्वतःला प्रोटोजे जास्त आवडतो.